महाराजांची मर्जी

"चलो महाराज, उठा आता," असं म्हणून शेजारच्या दीदी आपल्या डाव्या हाताकडे बघत. महाराजांनी ऐकलं तर ऐकलं. नाहीतर हात मनगटातून आत वळे, मूठ आवळून छातीशी चिकटून बसे. मग त्या आमच्याकडे बघून म्हणत, "आज दरबार बंद आहे."

घरातल्या एखाद्या हट्टी म्हाताऱ्याबद्दल बोलावं तसं त्या हाताबद्दल बोलत. जन्मतानाच मेंदूला इजा झाली, असं कधीतरी डॉक्टरांनी सांगितलं होतं. डावा पायही थोडा ओढत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, आणि माझ्यासारखीच पटकन दुसरीकडे नजर वळवली असेल.

मी लग्न होऊन वर्ध्याकडून जबलपूरला आले ती थेट दारूगोळ्याच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. आमच्या आणि त्यांच्या घरात एकच भिंत. त्या चाळिशीच्या, लग्न न झालेल्या. थोरल्या भावाकडे राहत. भाऊ विधुर होते आणि माझ्या नवऱ्याच्याच कारखान्यात होते. एकाहत्तर साल होतं, लढाई तोंडावर आली होती. दोघेही पुरुष ओव्हरटाइमवर, सकाळी गेले की अंधार पडल्यावर घरी. भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिवसभर एकेक बाई.

गल्लीतल्या बायका त्यांना दीदी म्हणत आणि त्यांच्यामागे हसत. "दिन भर शीशे के सामने बैठी रहती हैं. किसके लिए सजती हैं?" मलाही ते खरंच वाटलं होतं. एका दुपारी मी विरजण मागायला गेले, तर त्या खरोखरच आरशापाशी होत्या.

पण समोर नव्हत्या. आरसा लोखंडी कपाटाच्या दाराला होता. दार अर्धं उघडून त्याच्या कडेशी स्टूल टाकून बसल्या होत्या. उजवा हात आरशाच्या बाजूला, डावा दारामागे, लपलेला. उजव्या हाताची बोटं सावकाश उघडत होत्या, मिटत होत्या, आणि डोळे आरशात.

"ये नं, लाजते काहून? इथं बस, माझ्या जागी."

मी बसले. आरशात माझ्या उजव्या हाताची छबी दिसली, ती नेमकी माझा डावा हात असावा तिथे.

"दिसला? मला दोन्ही हात चांगले दिसतात इथून," त्या म्हणाल्या. "लहानपणी खेळता खेळता सापडलं. महाराजांना वाटते, आपणच हलून राहिलो. मग खरंच थोडे सैल होतात. थोडा वेळच, पण होतात."

त्या पुन्हा आपल्या जागी बसल्या, बोटं उघडू-मिटू लागल्या. मी दारामागे वाकून पाहिलं, तर त्यांची आवळलेली मूठ अर्धी उमलली होती.

त्या दिवाळीपासून आमच्या गल्लीत जवानांसाठी स्वेटर विणणं सुरू झालं. दुपारी एका अंगणात बायका उन्हात बसत. एके दिवशी दीदी आपण होऊन आल्या. कोणी वाईट बोललं नाही. "आप आराम से बैठिए, दीदी," एवढंच सगळ्या म्हणाल्या. त्या बसल्या, आणि थोड्या वेळानं उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना घेऊन गेले. लोकरीची लडी दोन्ही हातांवर ताणून धरायला कोणीतरी लागतंच. दुसरी तिचा गोळा गुंडाळते. निघण्याआधी त्यांनी बराच वेळ आरशाची शिकवणी घेतली होती. पण अंगणात मी लडी त्यांच्या हातांवर चढवली आणि सगळ्यांचे डोळे त्या हाताकडे वळले. मूठ आवळली, हात आत ओढला गेला, लडी खाली पडून गुंतली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या मात्र हसल्या. "आप लोग अपनी सलाई देखो," म्हणाल्या, "इसको मैं देखती हूँ. बहुत लोग देखें तो घबराता है."

बायकांनी माना खाली घातल्या. दीदींनी पुन्हा लडी मागितली. हातावरची नजर त्यांनी ढळू दिली नाही, पापणीही लवली नसेल. मी गुंडाळत गेले. हात थरथरत होता, पण जागेवर राहिला. लडी संपली. शेजारच्या बाईनं लगेच आपली लडी पुढे केली.

मग रोज दुपारी नवी लडी निघाली की हाका येऊ लागल्या, "दीदी को बुलाओ, लच्छी खोलनी है." त्या धुतलेलं लुगडं नेसून, वेणीत फूल माळून येत. आता कोणी त्यावर हसत नव्हतं.

लढाई संपली. गल्लीत पेढे वाटले. लोकर येणं थांबलं, आणि बायका आपापल्या घरात परतल्या. एका दुपारी दीदी माझ्याकडे आल्या.

"कोणाला सांगू नको," त्या म्हणाल्या. "लढाई थांबली, चांगलंच झालं. कोणाकोणाची पोरं वाचली. पण दुपार लई मोठी झाली, पोरी."

पुढे भाऊ निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं आणि ते दोघं शहरातल्या गोहलपूर वस्तीत भाच्याच्या बिऱ्हाडी गेले. वर्षभरात भाऊ वारल्याचं कळलं, तेव्हा मी भेटायला गेले. दोन खोल्या, खाली वर्कशॉपची ठोकाठोक. दीदी खिडकीशी बसल्या होत्या. डावा हात फडक्यात गुंडाळून गळ्यात बांधलेला.

"लागलं का, दीदी?"

"नाही नं. जागा कमी आहे. याच्या धक्क्यानं कपबशा फुटत. भाचेसुनेनं बांधून दिला. चांगली आहे पोरगी, रोज स्वतः बांधते."

"मी सोडू?"

त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. "राहू दे. तू गेल्यावर पुन्हा तिलाच बांधावा लागेल."

ती आमची शेवटची भेट. निघताना त्या मला पोचवायला गल्लीच्या तोंडापर्यंत आल्या. नेमकी शिफ्ट सुटली होती. सायकलींचा लोंढा रस्ताभर पसरला, घंट्या, धूळ, एकमेकांना मारलेल्या हाका. वाट द्यायला त्या भिंतीला अंग चोरून उभ्या राहिल्या. मी रस्ता ओलांडून मागे वळले, तर मध्ये नुसती माणसं. सायकली ओसरेपर्यंत मी थांबले. रस्ता मोकळा झाला, तेव्हा भिंतीशी कोणी नव्हतं.