करेक्शन सर

करेक्शन सरांना तुम्ही "हाउ आर यू?" विचारलंत, तर ते कसे आहेत हे तुम्हाला कधीच कळत नसे, तुमचं इंग्रजी कसं आहे, हे मात्र लगेच कळे. सर कुठल्या शाळेत नव्हते. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले आमचे गुलमंडीमागचे शेजारी. पण समोरच्याचं वाक्य तपासल्याशिवाय त्याला उत्तर द्यायचं नाही, हा त्यांचा नेम.

शहर तेव्हा चहूकडे पसरत होतं. नव्या अपार्टमेंटांच्या इंग्रजी पाट्या वाचायला सर मुद्दाम जालना रोडपर्यंत चालत जात आणि बिल्डरला गाठून म्हणत, "इमारत राहू द्या, आधी पाटी दुरुस्त करा." एकानं त्यांना वॉचमनकरवी बाहेर काढलं. सर मला म्हणाले, "त्या वॉचमनचं 'गेट आउट' मात्र निर्दोष होतं."

दुष्काळात एकदा कापडवाले सलीमभाई "टँकर इज केम!" ओरडत आले. सरांनी त्यांचा हात धरला. "इज का हॅज? विचार करून सांगा."

"सर, ग्रामर बादमें देखेंगे, पैले बाल्टी लाओ!"

पण सर कसले सोडतात! टँकर रिकामा होऊन गेला. त्या दिवशी सरांचं आणि सलीमभाईंचं, दोन्ही घरं माझ्या आईच्या पिंपातलं पाणी प्यायली.

मग परदेशातून मुलगा आला, सोबत चिमुरडी नात. तिला मराठी येत नव्हतं. सर आधीपासूनच खुशीत: "आता घरात इंग्रजी बोलणारं कुणीतरी येतंय." पोरीनं "कॅन आय प्ले?" विचारलं, की सर म्हणत, "मे आय." लवकरच ती आजोबांना सोडून माझ्या आईशी खाणाखुणांनी गप्पा मारू लागली. मला सरांचा संताप यायचा. एवढ्या लांबून आलेली पोर, आणि हे तिच्या चुका काढत बसतात!

निघताना तिनं गाडीची काच खाली करून विचारलं, "गॉना मिस मी, आजोबा?"

सरांचे डोळे भरले, ओठ हलले. पण ते 'गॉना' त्यांना कुठल्याच नियमात बसवता येईना. गाडी सुटली.

सर रस्त्यातच उभे. बऱ्याच वेळानं हळूच म्हणाले, "आय शॅल मिस यू, माय चाइल्ड." मग माझ्याकडे वळून, "बरोबर आहे ना रे?"

सरांनी आपलं वाक्य कुणाला तपासायला दिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. चेष्टा अगदी जिभेवर आली होती, ती गिळली.

"बरोबर आहे, सर," मी म्हणालो.

गाडी केव्हाच चौकापलीकडे गेली होती.