डिशच्या पिनला दिलेला डाग

आता तुमच्यापासून काय लपवायचं? पण हे आमच्या आर्वीत कुणाला सांगू नका.

लग्नानंतर ओटी भरायला येणाऱ्या प्रत्येक बाईला सासूबाईंनी सांगून ठेवलेलं, "सून इलेक्ट्रॉनिकची इंजिनेर हाये बाप्पा!" माझा नुसता डिप्लोमा. पण नव्या सुनेनं चारचौघींत सासूची दुरुस्ती करायची असते का?

आणि एका दुपारी माकडांनी गच्चीवरच्या डिशची वायर ओढली. टीव्ही बंद! संध्याकाळी सासूबाईंच्या मालिकेत लग्न लागायचं होतं, शेजारणींना आमंत्रण गेलेलं. डिशवाला म्हणाला, उद्या येतो.

"उद्या काऊन? घरात इंजिनेर हाये ना!"

झालं! बघते तर वायरीच्या टोकाची पिन निसटलेली. ही पिन पकडीसारख्या हत्यारानं दाबून बसवतात, त्याला क्रिम्पिंग म्हणतात. ते हत्यार घरात नव्हतं. माहेराहून आणलेली सोल्डरगन मात्र होती! म्हटलं, नुसतं दाबलेलं सुटणारच. वितळलेल्या कथलाचा डाग दिला की जोड जन्मभर टिकेल. सासऱ्यांनी वायर धरली, मी मिनिटभर पिन तापवली. असा चकचकीत जोड कॉलेजात कधी जमला नव्हता!

टीव्ही बंदच.

"डिश हलली असेल," मी हळूच म्हणाले. लगेच नवरा गच्चीवर, सासरे जिन्यात, सासूबाई टीव्हीसमोर.

"आलं का वं?" सासरे.

"नाई आलं! पोराले म्हना, अजून घुमव!"

"घुमवूनच राह्यलो ना, माय!" वरून आवाज.

तासभर हेच. शेजारणी चहा पिऊन गेल्या. लग्न आपापल्या घरी पाहिलं.

मला तोवर उमगलं होतं. उष्णतेनं वायरीतलं पांढरं प्लॅस्टिक वितळून मधली तार बाहेरच्या जाळीला चिकटली होती. पण तोंड उघडतंय कोण?

सकाळी डिशवाल्यानं पिन पाहून कपाळावर हात मारला. "कोनं भाजलं हे? वायर हाये का वांगं? पिन दाबाची असते, डाग नाई देत!"

संपलं. माझी इंजिनेरी भर अंगणात उघडी पडणार!

"यायनं भाजलं!" सासूबाईंनी खुशाल सासऱ्यांकडे बोट केलं. "नाई थे उद्योग!"

काल नुसती वायर धरलेल्या सासऱ्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "हो बापू, चुकलंच."

"काका, घरात इंजिनेर सून असून तिले एका शब्दानं इचारलं नाई?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगायची याहून चांगली वेळ कुठली?

मी उसासा टाकून म्हणाले, "बाबा ऐकतात कुठे!"