सकाळी सातचं वाक्य

त्या रविवारी मी सातच्या आधीच आवरून बसले होते. बदनापूरला जायचं होतं. पिशवीत कोळेकर सरांसाठी चार मोसंब्या घेतल्या होत्या आणि घरी सांगितलं होतं की सहज जाऊन येते. सहज काहीच नव्हतं. मला सरांच्या घरी जाऊन एक गोष्ट सांगायची होती आणि शनिवारपासून मला तिचीच भीती वाटत होती. बरोबर सात वाजता फोन वाजला. नंबर सरांचाच होता, रोज यायचा तसा. मी फोन उचलून सवयीने म्हटलं, “बोला सर, काय वाक्य आहे आज?” पलीकडे आवाज काकूंचा, सरांच्या पत्नीचा होता... “सुरेखा, सर उठूनच न्हाई राह्यले गं.” पुढचं मला नीट आठवत नाही. पिशवी हातातच होती आणि जालना स्टेशनपर्यंत मी ती तशीच धरून गेले, एवढं आठवतं.

सरांना जाऊन आता सात आठवडे झाले. आमच्या बॅचच्या मुलांनी मला पेपरच्या रविवारच्या पुरवणीत लिहायला सांगितलं, कारण सरांशी शेवटपर्यंत रोज बोलणारी मीच होते. त्यांना वाटतं, मी चार गोड आठवणी लिहीन. गोड आठवणी आहेतच, त्या लिहितेही. पण मी मुळातच भित्री आहे आणि हा लेख लिहायची जितकी भीती वाटते आहे तितकी दहावीच्या इंग्रजीच्या पेपरचीही वाटली नव्हती.

इंग्रजी म्हटलं की आमच्या अख्ख्या वर्गाला कापरं भरायचं. आम्ही सगळी आजूबाजूच्या खेड्यांतून बदनापूरला येणारी मुलं. मराठीत जे सुचेल ते शब्दाला शब्द लावून इंग्रजीत ढकलायचं, एवढीच आमची विद्या. सहल या विषयावर मी लिहिलं होतं, “ईटिंग भाकर, द बस केम.” म्हणजे भाकर खाताना बस आली. माझ्या मते त्यात काहीही खोट नव्हती. सरांनी वही हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, “मंग बसनं भाकर कशासंग खाल्ली? कालवण काय होतं?” वर्ग हसून हसून आडवा झाला. मी रडायच्या बेतात. तेव्हा सर बाकाजवळ येऊन बसले आणि त्यांनी मला मेंढ्यांची गोष्ट सांगितली.

सरांचं घर मेंढपाळांचं. वडील आयुष्यभर मेंढरांमागे फिरलेले आणि सरही चौथीपर्यंत त्यांच्यासोबत रानोमाळ हिंडलेले. संध्याकाळी कळप बसला की दिवसभर कोंडलेली कोकरं आयांकडे सोडायची, हे काम त्यांच्याकडे असायचं. प्रत्येक कोकरू त्याच्या आईजवळ नेऊन सोडायचं. “नुस्तं दार उघडून मोकळं झालं तर लई घोळ होतोय,” सर म्हणाले, “नवं कोकरू जी मेंढी जवळ दिसंल तिलाच लुचायला जातंय. ती लाथ मारती. इंग्रजी वाक्याचं बराबर तसंच हाय. ‘भाकर खाताना’ हे तुझं कोकरू. त्याची आई तू. पण वाक्यात तू हाईसच कुठं? जवळ उभी हाय बस. मंग गेलं ते बसला लुचायला.” मी म्हटलं, “पण सर, मराठीत तर चालतं की.” यावर त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर विसरले नाही. “मराठीत चालतंय, कारण ऐकणारा समजून घेतोय. इंग्रजी बिलकुल समजून घेत न्हाई. तिथं ज्याचं कोकरू त्याच्यापाशी हातानं नेऊन सोडावं लागतंय.” मग त्यांनी लाल पेन्सिल काढली, माझ्या चुकलेल्या तुकड्यापासून समासापर्यंत एक बाण ओढला आणि समासात गोल करून लिहिलं, “मी.”

तो लाल बाण म्हणजे सर. आमच्या पिढ्यान् पिढ्यांच्या वह्या त्या बाणांनी भरलेल्या आहेत. प्रत्येक तुकड्याखाली बोट ठेवायचं आणि विचारायचं, “हे कोणाचं?” उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

त्यांची आणखी एक पद्धत होती आणि ती आम्हाला कधीच जमली नाही. ते मुद्दाम फळ्यावर चुकीचं वाक्य लिहायचे, खडू खाली ठेवायचे आणि विचारायचे, “बराबर का चूक?” आम्ही चाळीस पोरंपोरी एका सुरात ओरडायचो, “बराबर, सर!” सरांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. आणि समजा एखाद्याला चूक दिसलीच, तरी सरांना तोंडावर चूक म्हणायची कोणाची छाती होती? घरी कळलं असतं तर पाठ सोलून निघाली असती. सर एरवी रागवायचे नाहीत, पण यावर मात्र त्यांचा चेहरा उतरायचा. एकदा ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले होते, “उद्या माझी खरंच चूक झाली, तर मला सांगणार कोण रे?” मला वाटतं, त्या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठीच देवाने पुढे मला निवडलं आणि त्याने फार चुकीचा माणूस निवडला.

पुढे मी नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात लागले. इंग्रजी पत्रं आणि माहितीपत्रकं लिहायचं काम माझ्याकडे आलं ते सरांच्याच जिवावर. पहिलं पत्रक मी त्यांना वाचायला पाठवलं. त्यात मी लिहून ठेवलं होतं की रात्रभर पाण्यात भिजवल्यानंतर शेतकऱ्याने बियाणं पेरावं आणि इंग्रजीत शब्दांची जागा अशी काही साधली होती की भिजत होता तो शेतकरी. सरांचा फोन आला. “अगं, त्या बिचाऱ्याला रातभर पाण्यात कशाला बुडवून राह्यलीस? गारठून जाईल की तो!” पत्रक छापायला जायच्या आत दुरुस्त झालं. तेव्हापासून वीस वर्षं मी एकही इंग्रजी कागद त्यांना विचारल्याशिवाय बाहेर सोडला नाही.

गेल्या वर्षी सरांना पहिला झटका आला. छोटाच. तोंड किंचित वाकडं झालं, उजवा हात जड झाला, तीन दिवस दवाखान्यात राहून घरी आले. मी भेटायला गेले तर बाजेवर बसले होते, पण नेहमीचे सर वाटत नव्हते. काकू चहा करायला आत गेल्या तसे ते माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, “मला भ्या वाटून राह्यलंय, सुरेखा.” ज्यांच्या जिवावर आपण धीट झालो, त्यांनीच असं म्हटलं तर आपण जायचं कुठे?

मग त्यांनी योजना सांगितली. डॉक्टरांनी बजावलं होतं की बोलण्यात घोळ सुरू झाला तर एक तासही घरी थांबायचं नाही, तडक आणायचं. “आता घोळ झाला हे कळणार कसं?” सर म्हणाले. “मराठीत म्या काहीबी बरळलो तरी तुझी काकू समजून घेती. चाळीस वर्षं तेच करून राह्यली. माझं मला तर कळणारच न्हाई. म्हणून इंग्रजी. रोज सकाळी सातला तुला एक वाक्य सांगीन. कोकरू आईपाशी असलं तर म्हण बराबर. भलतीकडंच गेलं, तर म्हण चूक. मंग म्या काकूला सांगतो गाडी बोलव म्हणून. जमंल का?” मी म्हटलं, जमेल. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून विचारलं, “नक्की? वर्गातल्यावानी न्हाई ना करणार?” मी शपथ घेतली.

सात महिने रोज फोन आला. वाक्यं साधी, कालच्या दिवसातली. ओट्यावर बसून त्यांनी काय पाहिलं, बाजारातून येताना कोण भेटलं. प्रत्येक कोकरू आपापल्या आईजवळ. मी म्हणायची, “बराबर, सर.” पलीकडून वहीवर पेन चालल्याचा आवाज यायचा, कारण वाक्य आणि माझा निकाल ते लिहून ठेवत. मग म्हणायचे, “चला, आजचा दिवस मिळाला.” मला त्या सातच्या फोनची सवय झाली, पण भीती गेली नाही. फोन एक मिनिट उशिरा आला तरी माझा जीव वर खाली व्हायचा.

आणि एका सकाळी ते म्हणाले, “वेअरिंग माय चप्पल, द मिल्कमन केम.” मी चप्पल घालत होतो तेवढ्यात दूधवाला आला, असं त्यांना म्हणायचं होतं. वाक्यात मात्र दूधवालाच सरांची चप्पल घालून आला होता. क्षणभर मला हसू आलं. वाटलं, फळ्यावरच्यासारखं मुद्दाम करतायत. मी वाट बघितली, आता हसतील, आता म्हणतील, पकडलंस का गं... ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “बराबर का चूक?”

मी चूक म्हटलं असतं तर काय काय झालं असतं ते सगळं मला एका क्षणात दिसलं. गाडी, दवाखाना, नळ्या, काकूंचा चेहरा. आणि त्याहून खरं सांगायचं तर माझी जीभच उचलेना. मी पंचेचाळीस वर्षांची बाई, दोन मुलांची आई, आणि बाकावरच्या पोरीसारखी बोलून गेले, “बराबर, सर.”

दुसऱ्या दिवशीचं वाक्य अगदी नीट आलं. मी सुटकेचा श्वास टाकला आणि स्वतःला समजावलं की म्हातारपणी एखादा शब्द इकडेतिकडे होणारच. पंधरा दिवसांनी आणखी एक चुकलं. पुन्हा मी बराबर म्हटलं आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी सगळं ठीक. मग तो शेवटचा आठवडा. गुरुवारी चुकलं. शुक्रवारी चुकलं, त्या वाक्यात खिडकीतून बघत होतं ते कडुनिंबाचं झाड. शनिवारी सर बऱ्याच वेळाने, एकेक शब्द शोधत म्हणाले, “फीलिंग अफ्रेड... द मॉर्निंग केम.” भीती वाटत होती आणि सकाळ झाली. भीती कोणाला वाटत होती, ते वाक्यात कुठेच नव्हतं. “बराबर?” त्यांनी विचारलं. मी डोळे मिटून म्हटलं, “बराबर, सर.” ते म्हणाले, “मंग ठीक हाय.” फोन ठेवल्यावर मी ठरवलं की उद्या रविवार आहे, उद्या जाऊन तोंडावर सगळं सांगायचं. काकूंना तेव्हाच फोन करता आला असता. मी मोसंब्या आणायला गेले.

मी नंतर एका डॉक्टरांना विचारलं, माझं नाव आणि सरांचं नाव न घेता. ते म्हणाले, आधी आणलं असतं तर वाचले असते की नाही, सांगता येत नाही. सांगता येत नाही, एवढंच. ते “नाही” म्हणाले असते तर मला झोप लागली असती.

तेराव्याला काकूंनी ती वही माझ्या हातात दिली. साधी तीनशे पानी वही, कडेला दोरीने लाल पेन्सिल बांधलेली. “मला इंग्रजी कुठं येतंय,” त्या म्हणाल्या, “सात वाजले की तुझंच नाव घ्यायचे. तूच ठेव.” चार दिवस मी ती उघडली नाही. मग उघडली. पानापानावर वाक्य आणि त्याखाली माझं “बराबर”. दूधवाल्याचं पान आलं. तिथेही माझं “बराबर” होतं आणि वाक्यापासून समासापर्यंत एक वाकडातिकडा लाल बाण ओढलेला होता. समासात गोल करून लिहिलं होतं, “मी.” फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःची चूक दिसली होती. म्हणजे मी खोटं बोलले हेही त्यांना कळलं होतं. त्यांनी गाडी बोलावली नाही आणि मला एका शब्दाने विचारलं नाही. तेही भ्यायले असतील का? पंधरा दिवसांनंतरच्या चुकीलाही तसाच बाण होता. मी वाक्यं समजून घेत होते आणि ते मला समजून घेत होते. इतकं समजून घ्यायला नको होतं आम्ही.

पण हे लिहायला घेतलं ते त्या बाणांसाठी नाही. शेवटच्या तीन पानांवर बाण नाहीत. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. अक्षर उतरत गेलेलं, खाली माझं “बराबर”, आणि त्याच्या शेजारी प्रत्येक वेळी लाल पेन्सिलीची एक लहानशी बरोबरची खूण. त्या तीन दिवशी त्यांना चूक दिसलीच नव्हती. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

वही माझ्या कपाटात आहे. सकाळी सातला मी ती काढते, शेवटचं पान उघडते, लाल पेन्सिल हातात घेते आणि पुन्हा ठेवून देते. फोन वाजत नाही. काकू, तुम्ही ही पुरवणी दर रविवारी चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचता, मला माहीत आहे. तोंडावर सांगायला दोनदा आले आणि दोन्ही वेळा चहा पिऊन परत गेले. म्हणून इथे सांगते. ती तिन्ही वाक्यं चूक होती, काकू. मला तेव्हाच कळलं होतं.