आबांनी घेतलेला चहा

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या दिवसांत मला जिकडंतिकडं जातच दिसायची. माझ्या वडिलांच्या, आबांच्या, छातीत कळ यायची, म्हणून डॉक्टरांनी रक्तातलं कोलेस्टेरॉल तपासायला सांगितलं होतं. त्या सकाळी मी त्यांना घेऊन निघालो आणि वाटेत मुकुंदवाडीला, चळवळीतल्या दलित मित्राच्या घरी, पत्रकं द्यायला थांबलो. मित्राच्या आईनं चहा पुढं केला. आबा म्हणाले, "आज नको, ताई."

मी सगळ्यांदेखत उसळलो. "नामांतराला व्हय म्हणता, अन् ह्यांच्या घरचा चहा तेवढा चालत नाय?"

आबांनी मुकाट्यानं कप संपवला.

दवाखान्यात रक्त घेणाऱ्यानं विचारलं, "सकाळपासून काय घेतलं?"

"चहा."

"उपाशीपोटी यायचं असतं, काका. उद्या या."

बाहेर येताच मी चिडलो, "तिथंच सांगायचं ना!"

"तू तसं बोलल्यावर माझं कोणाला खरं वाटलं असतं रे?"

दुसऱ्या दिवशी मोर्चा होता. पुढच्या आठवड्यात जाऊ, असं मीच म्हणालो. त्याआधीच चिकलठाण्याच्या कारखान्यात आबा मशीनपुढं कोसळले, ते उठलेच नाहीत. तपासणीनं वाचले असते का, हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. पण "का नको?" एवढं तरी मी त्यांना विचारायला हवं होतं.