नऊ गाण्यांची भांडणं

भांडण उकरून काढण्यात आणि ते मिटवण्यात आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलीचा हात धरणारं माणूस अख्ख्या बेंगळुरूत सापडायचं नाही. यातलं नुसतं पहिलं जमणारे पुष्कळ असतात. सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून मी नोकरीभर तेच केलं. पण सकाळी ज्याच्याशी कडाडून भांडायचं त्याला संध्याकाळच्या आत हुडकून त्याची माफी मागायची, हा उद्योग मी फक्त तिचाच पाहिला.

ती बेळगावकडची, मराठी ख्रिस्ती घरातली. दिवसा कंपनीत कॉम्प्युटरपुढे बसायची आणि उरलेल्या वेळात स्वतःचा पहिला अल्बम करायची. नऊ गाणी, सगळी येशूच्या भक्तीची, पण चाली आजच्या, गिटार आणि ड्रम घातलेल्या. येलहंक्यात आमच्या डोक्यावरून हवाई दलाची विमानं जातात आणि तिच्या खोलीला वर नुसता पत्रा, म्हणून रेकॉर्डिंगसाठी तिनं आमची मागची खोली मागून घेतली. भिंतींना आमच्या गाद्या उभ्या केल्या, खिडकीवर माझ्या बायकोचं लग्नातलं ब्लँकेट ठोकलं, आणि पुढची दोन वर्षं आमच्याकडे पाहुणा मुक्कामाला राहिला नाही, कारण त्याला झोपायला घालायचं कशावर हा प्रश्न होता.

एवढी तयारी करून ती माइकपुढे उभी राहायची, डोळे मिटायची, आणि एकदम चप्पल घालून निघायची. पहिल्यांदा मी घाबरून विचारलं तेव्हा म्हणाली, "आमच्यात असं आहे काका, कुणाच्या मनात आपल्याविषयी काही असलं तर आधी ते मिटवायचं, मग देवापुढं उभं राहायचं. तसंच गायलो तर सूर लागत नाही बघा. मी आलोच." बेळगावकडच्या बायकांसारखी ती स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच बोलते.

तत्त्व उत्तम आहे. पण ते पाळणाऱ्यानं स्वभावानं जरा गरीब असावं. ही एकदा स्टेशनवरून येताना मीटर टाकण्यावरून रिक्षावाल्याशी इतकी भांडली की तो निम्म्या रस्त्यात हिला उतरवून गेला. संध्याकाळी दुसऱ्या गाण्याच्या पहिल्याच ओळीला हिला तो आठवला. मला बरोबर घेऊन ती रिक्षांच्या रांगेतला एकेक चेहरा पाहत फिरली. तो सापडला, हिला ओळखून रिक्षा चालू करायला लागला, तेवढ्यात हिनं हात जोडले. "तप्पायतु अण्णा, माझंच चुकलं." तो बिचारा कितीतरी वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग "सरी बिडी अम्मा", म्हणजे जाऊ द्या, असं म्हणाला, आम्हाला घरापर्यंत सोडलं, आणि या खेपेला मात्र मीटर अगदी दाखवून टाकला.

चौथ्या गाण्याला आमच्याच स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी झाली. "काकू, अर्धा तास थांबलं तर वरण काय पळून जाणार आहे?" असं ती म्हणाली, आणि "माझं घर, माझा कुकर," असं बायको म्हणाली. दुपारभर अबोला. संध्याकाळी ही स्वयंपाकघरात आली, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, ही लगेच जाऊन गायली, आणि गाणं संपता संपता पुन्हा शिट्टी झाली. पण ते गाणं असं काही लागलं होतं की तिनं शिट्टीसकट तसंच ठेवलं. माझ्याशी तर पाण्याच्या मोटारीवरून तिची आठवड्याला एक चकमक व्हायची, पण ती वीस मिनिटांच्या वर टिकवणं मला कधी साधलं नाही.

अशी आठ गाणी झाली आणि नववं अडलं. ती तिच्या वडिलांची चाल होती. ते गावच्या देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, पेटी वाजवून गाणी सांगतात. हिनं त्या चालीला ड्रम लावून फोनवर ऐकवलं. ते म्हणाले, "देवाच्या गाण्याला वरातीचा बँड लावलीस." ही म्हणाली, "तुमची पेटी तरी गावच्या शेतात उगवली होती काय? तीपण साहेबाकडनंच आली ना?" तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. रिक्षावाल्याला हुडकणारी ही पोर, पण वडिलांचा नंबर तिच्याच्यानं लावला जाईना. महिने गेले. गाद्या भिंतीला तशाच उभ्या.

"माफी कशाची मागू काका?" एक दिवस ती पायरीवर बसून म्हणाली. "गाणं चुकलंय असं मला वाटतच नाही. बाबांपुढं खोटं बोलवत नाही."

"गाण्याची नको मागूस," मी म्हणालो. "पेटीला बोललीस त्याची माग."

ती उठून वर गेली. शनिवारी गाडीनं गावी गेली आणि सोमवारी परत आली ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं होतं आणि ते म्हणाले होते, "बोलण्याचं माफ. गाण्याचं नाही." वर चालीत एक जागा चुकते म्हणून पेटी काढून ती दाखवलीही होती. हिनं ती मोबाइलवर भरून आणली. नववं गाणं त्या पेटीनं सुरू होतं आणि ड्रम मागून येतात, जरा दबकत. ती ते गात असताना दाराबाहेर उभा राहून मी ऐकलं, आणि मला रडू आलं हे लपवण्यात अर्थ नाही.

अल्बम इंटरनेटवर आला, आणि महिन्याभरात तिच्या कंपनीनं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला हलवलं. आमच्याकडून तिथं जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माणूस सावकाश जेवून झोपही काढेल. खोली सोडून तिकडे राहायला जाण्याआधी तिनं गल्लीभर फिरून सगळ्यांची माफी मागितली, भाजीवालीचीसुद्धा. शेवटी आमच्या दारात येऊन म्हणाली, "काका, मनात काही राहिलं असलं तर आत्ताच सांगा." मी आपलं काही नाही म्हणालो. तिथं चुकलंच माझं. एखादं भांडण शिल्लक ठेवलं असतं तर ते मिटवायला तरी ती आली असती.

परवा मी मुद्दाम फोन केला. आवाज चढवून म्हणालो, "चौथ्या गाण्यात आमच्या कुकरची शिट्टी ऐकू येते, हे काही बरोबर नाही."

ती खूप हसली. "राग नाही काका तुमच्या आवाजात. स्वल्प सराव करा, मग येतो मी."

माझा सराव चालू आहे. बायको मात्र अजूनही कुकर लावण्याआधी मागच्या खोलीकडे कान देते, आणि आत कुणी गात नाही अशी खात्री झाली की मगच गॅस पेटवते.