दोन वार आणि तीन वार यांच्या मधे

लिलावात आमचे मास्तर बोली पुकारायचे आणि मी त्यांच्या शेजारी संगणकापुढे बसायचे. ऑनलाइन बोली आली की हात वर करायचा, एवढंच माझं काम. तेवढंही एकदा जमलं नाही.

नोकरीला लागून मला तीन महिने झाले होते. एका गेलेल्या माणसाच्या कॅसेटींचं खोकं लिलावात आलं. त्यांची मुलगी परदेशातून बोली लावणार होती. बाबांचा आवाज तेवढाच उरलाय, असं तिनं आधीच कळवलं होतं. हॉलमध्ये एक भंगारवाला होता, त्याला त्या कॅसेटी पुसून विकायच्या होत्या. मास्तर म्हणाले, "एक वार, दोन वार..." आणि मी शेजारच्या टेबलावरच्या पोरीशी खिदळत बसलेली. मान वळवली तेव्हा पडद्यावर परदेशातल्या त्या मुलीची बोली होती आणि हातोडा पडून गेला होता. पडलेला हातोडा मागे घेता येत नाही.

तिचा फोन आला. "मी बोली लावली होती हो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मास्तरांनी पडद्यावर खापर फोडलं, म्हणाले तो दोन सेकंद मागे असतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मी गप्पच बसले.

तेव्हापासून 'दोन वार' ऐकलं की माझे डोळे मिटायचे. कानात तिचा आवाज सुरू व्हायचा आणि तो थांबेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत. चार वर्षं हेच. मास्तरही तिथेच थांबायला लागले. हॉलमध्ये चुळबुळ व्हायची. "मास्तर, डोळा लागला का?" असं कुणीतरी हटकून विचारायचं. मालकांनी तंबी दिली, वेग वाढवा नाहीतर घरी बसा. मास्तर ढिम्म. शेवटी एका शनिवारी मालकांनी त्यांना खरंच घरी बसवलं.

मग मात्र मला राहवेना. ते टेबलाचा खण रिकामा करत होते, तिथेच सगळं ओकून टाकलं. "पडदा मागे नव्हता, मीच बघत नव्हते. तुम्ही उगाच त्याची वाट बघत राहिलात. मी आत्ता जाऊन मालकांना सांगते."

"हातोडा मारताना मी बघितलं होतं तुला," मास्तर चष्मा पुसत म्हणाले. "पडद्याची वाट कोण बघतंय? तू डोळे उघडायची वाट बघायचो मी."

चिडले असते तर बरं झालं असतं. पिशवी उचलून ते निघून गेले.

सोमवारी नवे मास्तर आले. ते थांबत नाहीत.