कडेची जागा

"ह्या पलंगावर धा मेंढरं निजतील की गं," ताराबाई दारातच थांबून म्हणाली.

"सगळा तुझ्या एकटीला आहे, आई," उज्ज्वला म्हणाली. "खोलीच तुझी. टीव्ही तुझा, बाथरूम तुझं. आम्ही तिघं शेजारच्या खोलीत."

"शेजारच्या?"

"हे काय, ही भिंत. मधे फक्त भिंत."

ताराबाईने मान हलवली. खांद्यावरची घोंगडीची वळकटी मात्र खाली ठेवली नाही.

तिची काहीतरी चूक झाली होती, आणि ती तिला आत्ता कळत होती. लेकीने फोनवर सांगितलं होतं, "तीन दिवस आपण सगळे एकत्र राहू." एवढ्या एका शब्दावर ताराबाईने मेंढरं दिराच्या हवाली केली, धारूरहून केजपर्यंत एसटीने आली, आणि तिथून जावयाच्या गाडीत बसून, वाटेत दोनदा उलटी करून, घाटाखालच्या या थीम पार्कच्या दाराशी असलेल्या हॉटेलात उतरली होती. एकत्र म्हणजे एका ओळीत. दुसरं काही असू शकतं हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मेंढरं घेऊन हिंडणाऱ्यांचं तसंच असतं. पाऊस सरला की डोंगर उतरायचा आणि गोदावरीकाठच्या रानांत जायचं. आज या शेतात तळ, परवा त्या शेतात. छप्पर नाही, खोली नाही. निजायची एकच ओळ. मधोमध पोरं, त्यांच्या दोन्ही अंगांना मोठी माणसं, आणि कडेला, मेंढरांच्या बाजूला, राखणारा. नवरा म्हाळू वारला तेव्हापासून कडेची जागा ताराबाईची. नव्या जन्मलेल्या कोकराच्या पायाला दोरी बांधायची आणि दोरीचं दुसरं टोक आपल्या मनगटाला. लांडग्याच्या वासाने कोकरू बुजलं की हाताला हिसका बसायचा.

उज्ज्वला हुशार निघाली. नऊ वर्षांची झाली तशी ताराबाईने तिला केजच्या वसतिगृहात घातली. सुट्टी लागली की पोर तळ कुठे पडलाय ते विचारत विचारत यायची. यायची, आणि ओळीत मधोमध, काकूच्या कुशीत निजायची. आई कडेला, कोकराला दोरी बांधून. पुढे शिक्षण, पुण्यात दवाखान्यातली रक्त तपासायची नोकरी, लग्न, लेक. उज्ज्वला तेहेतीस वर्षांची झाली होती. तिच्या शेजारी आपण शेवटचं कधी निजलो, हे ताराबाईला आठवत नव्हतं.

या तीन दिवसांत तिला तेवढंच पाहिजे होतं. तोंडाने मागायचं कसं, हे तिला कळत नव्हतं. जिने दूर धाडलं तिने मागायचं?

"मामी, एसी किती ठेवू?" जावई जीवन रिमोट घेऊन आला.

"बंदच ठेवा बापू. हितं कोकरू असतं तर काकडून मेलं असतं."

जीवन हसला, उज्ज्वला हसली. सहा वर्षांची सुकन्या पलंगावर तीन उड्या मारून आली आणि सगळे आपल्या खोलीत गेले. भिंतीपलीकडून बराच वेळ हसण्याचा आवाज येत राहिला.

सकाळी उज्ज्वला उठून बघते तर आईच्या खोलीला कुलूप. ताराबाई खाली हिरवळीवर होती, आणि तिच्यासमोर गणवेशातला रखवालदार.

"आज्जी, ते झाड तोडू नका."

"तोडलं कुठं? शेंडा खुडला."

"शेंडा काय, हातात भारा हाय तुमच्या! शेरडं कुठायत?"

"धारूरला."

"मग पाला कुणाला?"

ताराबाईने हाताकडे पाहिलं. कुंपणाच्या कोवळ्या फांद्यांचा चांगला कवळाभर पाला हातात होता. पहाटे उठायचं आणि पाला काढायचा, हातांनी आपलं काम केलं होतं.

"अगं बाई," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. रखवालदारही हसला.

"धारूरच्या हाव व्हय? मी पाटोद्याचा. अजिनाथ नाव माझं."

"पाटोद्याचा! मग आज्जी कावून म्हणतोस? मावशी म्हण. माय कुठं असती तुझी?"

"गावाकडंच. दिवाळीत गेलतो."

"निजलास का मायजवळ?"

"आता मोठा झालो की ओ मावशी!"

"मोठा झालास म्हणून इचारलं. बारकी समदीच निजत्यात."

अजिनाथने हात पुढे केला. "द्या तो पाला, टाकतो मी," तो म्हणाला.

"टाकू नगंस. दे कुणाच्या तरी जनावराला," ताराबाई म्हणाली, आणि जिन्यात उभ्या असलेल्या लेकीकडे आली. उज्ज्वलाने शेवटचं बोलणं ऐकलं होतं की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

"आई, नाश्ता साडेनऊला संपतो," एवढंच ती म्हणाली.

थीम पार्कमध्ये ताराबाईला पाण्यात सोडलं नाही. लुगडं चालत नाही, नायलॉनचे कपडे पाहिजेत, असा तिथला नियम. ती छत्रीखाली सगळ्यांच्या चपला राखत बसली. समोर तीन मजली निळी घसरगुंडी. पोरीबाळी वरून सुटायच्या आणि पाण्यात धपकन आदळायच्या. जीवन सुटला, सुकन्या त्याच्या मांडीवर सुटली. मग वर उज्ज्वला दिसली. एवढीशी. तिने कठडा धरला, सोडला, पुन्हा धरला.

आणि सुटली.

"माय गं!"

ताराबाई उठून उभी राहिली. मांडीवरच्या चपला खाली पडल्या. ती हाक नव्हती, भीतीने फुटलेली किंकाळी होती, हे तिलाही कळत होतं. पण पुण्याला गेल्यापासून लेक तिला 'आई' म्हणायची. 'माय' तिने कित्येक वर्षांनी ऐकलं होतं.

उज्ज्वला ओलीचिंब होऊन काठावर आली. "काय गं? का उठलीस?"

"काई न्हाई. मुंग्या आल्या पायाला."

दुपारी सगळे दमून हॉटेलवर परतले. पाच वाजता पार्कमध्ये बाहुल्यांची मिरवणूक होती, तोवर जरा पडायचं ठरलं.

"मी आजीच्या खोलीत झोपणार!" सुकन्या म्हणाली.

"लोळतेस तू. त्रास होईल आजीला."

"मेला तो तरास," ताराबाई घाईघाईने म्हणाली. "येऊ दे तिला. येऊ दे."

अर्ध्या तासाने उज्ज्वला पोरीचे कोरडे कपडे घेऊन आली. पलंग घडी न मोडता तसाच होता. खाली, फरशीवर घोंगडी अंथरलेली. तिच्यावर सुकन्या पालथी झोपलेली, तोंड उघडं. तिच्या घोट्याला एक पांढरा पट्टा बांधलेला. अंघोळीनंतर घालायच्या हॉटेलच्या झग्याचा कमरपट्टा. त्याचं दुसरं टोक कडेला बसलेल्या ताराबाईच्या मनगटाला.

उज्ज्वला हातातले कपडे धरून तशीच उभी राहिली.

"सोडते, सोडते," ताराबाई कुजबुजली आणि गाठ चाचपू लागली. "पोरगी दाराकडं लोळत होती. दार उघडंच राहिलतं. म्हणून जरा…"

"राहू दे."

"तुला राग आला."

"ह्या दोरीचा मला लई राग होता," उज्ज्वला म्हणाली. तिची बोली कुठून तरी परत आली होती. "वसतिगृहातून चालत यायची मी. कवा नऊ कोस, कवा बारा. आणि तुझ्या हाताला कोकरू. एकदा मी काकूला इचारलतं, मला कावून बांधत न्हाई माय? काकू हसली नुसती."

ताराबाईने गाठीवरचा हात काढला.

"कोकरू हरवंल म्हणून बांधायची," ती म्हणाली. "तुला तर मीच सोडलतं. कुठल्या तोंडानं बांधू?"

बाहेर व्हरांड्यात कुणाची तरी बॅग चाकांवरून घरंगळत गेली. उज्ज्वलाने दार लावलं. कपडे पलंगावर टाकले. ती घोंगडीजवळ येऊन बसली, आणि आईला कोपराने ढोसलं.

"सरक."

"हितं? फरशी टोचंल तुला. तिकडं पोरीच्या पल्याड जागा हाय की."

"तिकडं न्हाई. तू मधी सरक. कडंला मी."

"अगं, कडंला राखणारा…"

"म्हाईत हाय मला. सरक."

ताराबाई सरकली. जन्मात पहिल्यांदा ती ओळीच्या मधोमध आली, आणि कोणत्या कुशीवर वळायचं हेच तिला कळेना. इकडे नात, मनगटाला बांधलेली. तिकडे लेक, न बांधलेली. शेवटी ती उताणी पडली, पंख्याकडे तोंड करून. थोड्या वेळाने उज्ज्वलाचं कपाळ तिच्या खांद्याला लागलं. केसांना पार्कच्या पाण्यातल्या औषधाचा वास होता. त्याच्याखाली कुठे तरी पोरीचा जुना वास असेल म्हणून ताराबाईने हळूच हुंगून पाहिलं.

"माय," उज्ज्वला डोळे मिटून म्हणाली, "पावणेपाचला उठव हं. सुकीला ती मिरवणूक बघायचीय."

"उठवते."

लेकीचा श्वास जड झाला. ताराबाई झोपली नाही. इतक्या वर्षांनी मिळालेली ही घटका झोपेत घालवायची तिची तयारी नव्हती. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत आली होती, ती पलंगाच्या पायापाशी होती, मग फरशीवर आली. उन्हावरून वेळ ओळखायला तिला कधी घड्याळ लागलं नव्हतं. साडेचार झाले. पावणेपाच झाले.

लेकीच्या उशाशी पडलेला मोबाइल उजळला आणि थरथरू लागला. त्याच्यावर जीवनचा फोटो. ताराबाईने मोकळा हात पुढे केला. लेकीला हलवण्याऐवजी तिने तो मोबाइल उचलला, घोंगडीखाली सारला आणि वर तळहात दाबून धरला. हाताखाली तो पकडलेल्या कोकरासारखा धडपडत राहिला.

"आजी," सुकन्या जागी झाली होती. पाय ओढून तिने पट्टा ताणला. "मिरवणूक?"

"श्श."

"कोण झोपलंय?"

"माझी पोर निजली हाय," ताराबाई म्हणाली. "लांबून चालत आलीय. थांब जराशी."